पाणी जिथं टिकतं

आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. केरळची सरासरी त्याच्या निम्म्याहून कमी, तीन हजारांच्या घरातली. नुसत्या आकड्यावर जायचं तर ओल्या रानातल्या पक्ष्यांची चंगळ आंबोलीला असायला हवी. नकाशा मात्र उलटं सांगतो. मलबारी तांबट केरळात ठिकठिकाणी टुकटुकत असतो. उत्तरेकडे येता येता विरळ होत जातो आणि गोव्याच्या आसपास त्याची हद्द संपत येते. राखी डोक्याच्या बुलबुलाचीही तीच गत. बरं, डोंगर संपला म्हणून ते थांबले असंही म्हणता येत नाही. सह्याद्री पुढे पार तापीपर्यंत जातो. ते अडतात कोरड्या महिन्यांपाशी.

केरळात एप्रिलपासून वळवाच्या सरी येतात, जून ते सप्टेंबर मुख्य पाऊस, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडचा पाऊस पुन्हा हजेरी लावून जातो. खरोखर कोरडे म्हणावेत असे दोन-तीन महिनेच उरतात. गोव्यात वर्षाचा जवळजवळ नव्वद टक्के पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो. ऑक्टोबरातल्या गडगडाटी सरी आणि मेच्या अखेरचा वळीव सोडला तर सहा महिने आभाळ कोरडं ठणठणीत. सुरतेच्या अक्षांशापर्यंत गेलं की हाच काळ आठ महिन्यांवर जातो. फळ, किडा, बेडूक, ओली माती यांतलं काय आणि कुठं या काळात शिल्लक राहतं, त्यावर पक्षी कुठं राहणार हे ठरतं. म्हणून गोव्याचा पक्षी-नकाशा वाचायला पर्जन्यमापकाचा उपयोग थोडाच. एप्रिलमध्ये पाणी कुठं आहे ते शोधावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राज्य केवढं? 3,702 चौरस किलोमीटर. समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत सरळ रेषेत साठेक किलोमीटर. एवढ्या जागेत साडेचारशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. अख्ख्या भारताच्या यादीत तेराशेहून थोड्या अधिक जाती आहेत, हे लक्षात घेतलं की हा आकडा किती मोठा ते कळतं. पणजीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वाळपईकडे चार हजारांच्या घरात, आणि घाट ओलांडून बेळगावला पोचलं की हजार-बाराशेवर येतो. पण पुन्हा सांगतो, या आकड्यांनी फार हुरळून जायचं कारण नाही. साठ किलोमीटरांत पाण्याचे प्रकार किती आहेत ते मोजावं: खारं, मचूळ, गोडं, वाहतं, साठलेलं, झिरपणारं, उन्हातलं आणि सावलीतलं. एकट्या खंड्याच्या आठ जातींनी हे प्रकार आपसांत कसे वाटून घेतलेत, ते बघण्यासारखं आहे.

सगळ्यांच्या ओळखीचा तो साधा खंड्या, पांढऱ्या गळ्याचा. याला पाणी लागतंच असं नाही. विजेच्या तारेवर, नारळाच्या झावळीवर, शाळेच्या कुंपणावर बसून तो नाकतोडे, सरडे, खेकडे, एखादा उंदीर असं काहीही उचलतो. म्हणून तो म्हापशाच्या बाजारामागेही दिसतो आणि मोलेच्या रानाच्या कडेलाही. ज्याचं पाण्यावाचून अडत नाही त्याला नकाशावर हद्दी थोड्या. छोटा खंड्या मात्र मासळीवर जगणारा. पाण्यापासून एक-दोन मीटर उंचीची फांदी, खाली नितळ आणि संथ पाणी, त्यात बोटाएवढे मासे, एवढी त्याची मागणी. भातखाचराची पोय (बांधाआतला पाण्याचा खळगा), तळ्याचा काठ, चिरेखाणीत साचलेलं डबकं, काहीही चालतं. पाणी गढूळ झालं की तो हलतो. पावसाळ्यात नद्या लाल होतात तेव्हा तो मोठ्या पात्राऐवजी लहान ओहोळांवर सापडतो, यात नवल नाही.

कवड्या खंड्या काळा-पांढरा. त्याला फांदीची गरजच नाही. तो उघड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगतो आणि वरून सूर मारतो. त्यामुळे काठाला झाड नसलेली रुंद नदी, खाजनातलं, म्हणजे खाडीपासून बांधानं तोडलेल्या जमिनीतलं, मोकळं तळं, बंधाऱ्यामागचा साठा या जागा त्याच्या. जिथं झाडी पाण्यावर वाकलेली तिथं तो क्वचितच. तीच जागा घोंगी खंड्याची. पस्तीस सेंटिमीटरांचं धूड, लालभडक चोच, आणि बसायचं तर सावलीतल्या आडव्या फांदीवर, अगदी गप्प. संथ वाहणारी, काठाला मोठी झाडं असलेली नदी त्याला हवी. कुळागरातून, म्हणजे पायथ्याच्या माड-पोफळीच्या बागेतून, वाहणारा बारमाही व्हाळ (ओढा) तर हमखास.

आता खाऱ्याकडे जाऊ. पांढऱ्या कॉलरचा खंड्या गोव्यात कांदळवन सोडून सहसा हलत नाही. चोडण बेटाच्या टोकाला 1988 साली डॉ. सालिम अली यांच्या नावानं जाहीर झालेलं पक्षी अभयारण्य पावणेदोन चौरस किलोमीटरचंच आहे, पण हा पक्षी बघायला त्याच्याइतकी भरवशाची जागा आपल्या किनाऱ्यावर थोडी. त्याचं जेवण म्हणजे चिखलावरचे लहान खेकडे आणि निवट्या मासे. घरटं झाडाच्या ढोलीत. म्हणजे त्याला सुकतीला उघडा पडणारा चिखल हवा आणि त्याच्या शेजारी ढोली धरण्याइतकं जुनं झाड हवं. नव्यानं उगवलेल्या, मनगटाएवढ्या बुंध्यांच्या कांदळवनात चिखल असतो, ढोली नसते. काळ्या डोक्याचा खंड्या थंडीचा पाहुणा. तोही खाडीकाठचा, पण कांदळाच्या बाहेरच्या अंगाला, खुंटांवर आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराच्या, खांबांवर बसणारा.

उरले दोन, आणि ते दोन्ही रानातले. निळ्या कानाचा खंड्या दाट सावलीच्या ओढ्यांवर, गोव्यात दुर्मीळच. आणि तिबोटी खंड्या. तेरा सेंटिमीटर, चिमणीहूनही लहान, जांभळा-केशरी रंग असा की पाऊस भरून आलेल्या अंधाऱ्या रानातही डोळ्यांत भरावा. याचं सगळं वेळापत्रक पावसाला बांधलेलं.

तिबोटीचं घरटं म्हणजे ओढ्याच्या काठात, रस्त्याच्या कापलेल्या मातीत, कधी उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांना चिकटलेल्या ढेकळांत उकरलेला बोगदा. लांबी हातभर ते मीटरभर. उकरणार चोचीनं आणि पायानं, वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. मेमधला जांभा-मातीचा काठ विटेसारखा असतो. त्यात या जिवाची चोच शिरत नाही. म्हणून पहिला जोरदार पाऊस होऊन माती मऊ व्हायची वाट बघावी लागते. पण फार मऊ झाली तर छत खचतं, आणि ओढ्याला पूर आला तर बोगदाच बुडतो. नेमकी मधली अवस्था जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मिळते. अंडी चार-पाच, उबवायला अडीच आठवडे, पिल्लं बाहेर पडायला आणखी तीन. तेवढ्यात सापसुरळ्या, लहान बेडूक, कोळी, खेकडे यांची रेलचेल झालेली असते. 2023 मध्ये मोसमी पाऊस गोव्यात जूनचा दुसरा आठवडा सुरू झाल्यावर आला. 2025 मध्ये मे महिन्यातच आला. दोन आठवड्यांहून मोठा हा हेलकावा आपल्याला छत्री आधी काढण्यापुरता. ज्याचं अख्खं बिऱ्हाड सहा-सात आठवड्यांत आटपतं त्याच्या दृष्टीनं तो मोसमाचा मोठा तुकडा आहे.

बोगद्यात घर करणाऱ्या खंड्यांची गरज एकच: मीटर-दीड मीटर उंचीचा, उभा, दगड-गोटे नसलेला मातीचा काठ. उतरता काठ चालत नाही, कारण साप आणि मुंगूस सहज चढतात. गावोगावच्या ओहोळांना दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घालायची जी टूम निघाली आहे ती या पक्ष्यांच्या मुळावर येते. पाणी तेच, मासे तेच, फांदीही जाग्यावर; घर मात्र नाही. मग पक्षी दिसत राहतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. वाढीचं पिल्लू दिसेनासं होतं तेव्हा उशीर झालेला असतो. भिंत घालायचीच असेल तर दर काही अंतरावर पंधरा-वीस फुटांचा मातीचा काठ मोकळा सोडता येतो. खर्च वाढत नाही, उलट वाचतो.

समुद्राकडून सुरुवात केली तर पहिली मोठी गोष्ट खाजन. सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन गोव्यात आहे, म्हणजे समुद्रसपाटीच्या बरोबरीची किंवा तिच्याहून खालची, बांध घालून खाडीपासून तोडलेली. बांधात मानस. तिची लाकडी दारं अशी टांगलेली की सुकतीला आतलं पाणी ढकलून ती बाहेर उघडतात आणि भरती चढली की पाण्याच्याच दाबानं बंद होतात. ना कुलूप, ना मोटर. या दारामुळे पावसाळ्यात आत गोडं पाणी आणि भात, हिवाळ्यानंतर मचूळ पाणी आणि कोळंबी, असा एकाच शेताचा दुहेरी संसार चालतो. पक्षीही त्याप्रमाणे बदलतात. जुलैत भाताच्या आडोशाला लाल तापस आणि पाणकोंबड्या, बांधावरच्या माडांना सुगरणींची घरटी. सुगरण नर भाताच्याच पात्यांच्या चिरफळ्या काढून विणतो, त्यामुळे भात गुडघाभर होईस्तोवर त्याचं काम अडतं. नोव्हेंबरात कापणी झाली की दाण्यांवर मुनियांचे थवे. जानेवारीत उथळ पाणी आणि चिखल. तुतवार, टिलवे, बगळे.

मानशीचं दार बिघडतं कसं? खालच्या उंबऱ्यात ओंडका अडकतो. लाकूड कुजून फट पडते. किंवा, आणि हे फार होतं, कुणीतरी कोळंबीच्या हव्यासानं भरतीलाही दार उचलून ठेवतं, म्हणजे जास्त खारं पाणी आणि त्याबरोबर जास्त मासळी आत. एका भातपिकाच्या मोसमात हे चार-सहा वेळा झालं तरी कोरगुटासारखं खार सोसणारं भातही मान टाकतं. शेतकरी नाद सोडतो, बांधाची डागडुजी थांबते, आणि एखाद्या उधाणाच्या भरतीला बांध फुटतो.

पुढचा क्रम पक्ष्यांच्या अंगानं बघण्याजोगा. पहिल्या-दुसऱ्या वर्षी कुजक्या भाताच्या बुडख्यांत मचूळ पाणी. किडे, अळ्या उदंड, त्यामुळे चिखलपक्ष्यांची अशी गर्दी की बघणारा खूश. मुनिया आणि सुगरण मात्र तोवर गेलेले. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उपळी या कांदळाची रोपं कमरेपर्यंत येतात. चिखल्या आणि टिलव्यांना चहूकडे नजर पोचेल अशी उघडी जागा हवी असते. झुडूप उभं राहिलं की त्याआडून ससाणा येईल या धास्तीनं ते तिथं उतरत नाहीत. दहा वर्षांत सलग कांदळवन. रात्रीला बगळे, पाणकावळे, गायबगळे वस्तीला येतात, पण दिवसा त्यांना चरायला दुसरीकडेच जावं लागतं. कांदळवन वाढलं म्हणजे पक्षी वाढले, हे समीकरण म्हणून इतकं सरळ नाही. किनारा राखायला कांदळ हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण नदीकाठची दाट पट्टी आणि तिच्या मागे राबतं खाजन अशी जोडी असते तिथं दोन्हीकडचे पक्षी नांदतात. नुसत्या एकानं निम्मे जातात. उपग्रहाच्या चित्रात मात्र हिरवं वाढलेलं दिसतं आणि सगळे समाधानी होतात.

मिठागरांत हीच गोष्ट इंचांवर येते. रायबंदरच्या बाजूला, 1633-34 च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधलेल्या लांबलचक बांधरस्त्यावरून जाताना पाण्याचे चौकोन दिसतात. आगरात पाणी टप्प्याटप्प्यानं पुढे सरकतं: आधी साठ्याच्या मोठ्या खणात, मग आटवायच्या खणांत, शेवटी मीठ धरायच्या वाफ्यांत. प्रत्येक टप्प्यात खोली कमी, खार जास्त. साठ्याच्या खणात मासे, म्हणून बगळे, सुरय आणि खंड्या. मधल्या खणांत खारमाश्यांच्या अळ्या, म्हणून लांब पायांचे पक्षी. शेवटच्या वाफ्यात काही जगत नाही. तिथं पक्षी दिसला तर तो विश्रांतीला. मधल्या खणांतही पायाच्या लांबीप्रमाणे वाटणी असते. छोटा टिलवा दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात. लाल पायाचा तुतवार त्याच्या दुप्पट-अडीचपट. मालगुजा आणि शेकाट्या वीतभराच्या आसपास. पाणी चार बोटं चढलं की टिलव्याचं ताट उचललं गेलं. काठी रोवून तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि पंधरा दिवस रोज सकाळी बघा. कोण कुठल्या खुणेपर्यंत उतरतं याचा तक्ता आपोआप तयार होतो. आगर सोडून दिलं की आधी बांध ढासळतात, सगळे खण एकाच खोलीचे होतात, आणि आठ-दहा जातींच्या जागी दोन-तीन उरतात.

नदीतलं खारट-गोड हेही ठरीव नसतं. मांडवीत भरतीचा जोर गांजेपर्यंत, मुखापासून पन्नासेक किलोमीटर आत पोचतो. जुलैत डोंगरातून एवढं पाणी येतं की पात्र मुखाजवळपर्यंत गोडं; तेच मे महिन्यात खार कितीतरी आत चढलेला. एका जागी उभं राहून वर्षभर नोंद ठेवली तर मासळी बदलते आणि तिच्यामागे पक्षीही बदलतात. नोंदवहीत नुसतं ‘मांडवी नदी’ लिहिणाऱ्यांना म्हणूनच माझा हात जोडून नमस्कार. कुठली जागा, कुठला महिना, भरती की सुकती, एवढं नसेल तर त्या नोंदीतून काही निघत नाही. मुरगावच्या भरतीच्या वेळा छापून मिळतात, पण नदीत आत जाल तसा तास-दोन तासांचा उशीर धरावा लागतो. मोरजीला शापोराच्या मुखाशी कुरव, सुरय आणि वाळूवरचे चिखल्या मोजायचे तर भरती पूर्ण व्हायच्या दीड-दोन तास आधी पोचावं. पाणी चढतं तसे ते वाळूच्या दांड्यावर एकत्र ढकलले जातात. सुकतीला गेलात तर तेच पक्षी मैलभर चिखलात विखुरलेले असतात आणि गणती निम्म्यावर येते.

किनारा आणि डोंगर यांच्या मधला सडा, म्हणजे खडकाळ पठार. सरकारी भाषेत पडीक, ओसाड, आणि म्हणून कारखाना, वसाहत, विमानतळ काहीही मांडायला मोकळा. मोपाच्या सड्यावरून जानेवारी 2023 पासून विमानं उडतात. जांभ्याच्या या सपाट पाठीवर माती वीतभरही नसते. एप्रिल-मेत तिथं पाय ठेववत नाही, आणि नेमकी तेव्हाच माळटिटवी उघड्या खडकाळ जमिनीवर चार अंडी घालते. आडोसा नाही हेच तिचं संरक्षण. लांबून येणारा प्रत्येक शत्रू दिसतो. उन्हाचा प्रश्न ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून, अंड्यांवर बसून सोडवते. म्हणजे सड्यावरच्या माळटिटवीलाही एप्रिलमधलं डबकं हवंच. चिरेखाणीच्या खड्ड्यात साचलेलं का असेना. पाऊस लागला की तोच सडा आठवडाभरात पालटतो. खळग्यांत पाणी, बेडकांचा गलका, पुढे गेंद आणि सीतेच्या आसवांची फुलं, आणि हवेत उंच चढून गाणारा मलबारी चंडोल. हा तुऱ्याचा चंडोल पश्चिम किनाऱ्याचा खास रहिवासी. रानात शिरणार नाही, भातात राहणार नाही. थंडीत वाळल्या गवतावरून भोवत्या खालून खालून फेऱ्या मारतो. सडा झाडं लावून हिरवा करायची मोहीम दर जूनला कुणी ना कुणी काढतंच. मातीच नसलेल्या खडकात रोपं दोन वर्षांत मरतात, तेवढंच नशीब चंडोलाचं.

डोंगराच्या पायथ्याला कुळागर आणि काजू शेजारी-शेजारी असतात आणि दोन्ही लांबून सारखेच हिरवे. कुळागर म्हणजे झरीचं पाणी पाटानं फिरवलेलं, वर माड-पोफळी, मध्ये केळ, मिरवेल, फणस, खाली ओला पालापाचोळा. मार्चमध्येही तिथली जमीन पायाला गार लागते. पाचोळा उलथून किडे वेचणारा कस्तूर, शामा, थंडीत उतरलेला नवरंग यांना रान आणि कुळागर यांत फारसा फरक वाटत नाही. काजूच्या डोंगरावर एकच झाड, खाली राब आणि सफाई, पाण्याचा पत्ता नाही. मोहोराच्या दिवसांत शिंजीर येतात, बाकी वर्षभर बुलबुल आणि कोतवाल. बुलबुलांतही भेद आहेत: शिपाई बुलबुल ओलसर झुडपांचा, गोव्यात कुठंही, लालबुड्या जरा कोरड्या, उघड्या जागी, पिवळ्या भुवईचा दाट रानात, आणि लालचुटूक गळ्याचा, काळ्या डोक्याचा, पिवळा बुलबुल, जो गोव्याचा राज्यपक्षी, तो सह्याद्रीच्या ओल्या रानाबाहेर जगात कुठंच नाही. पणजीच्या बागेत तो शोधायला जाऊ नये.

धनेशांचं गणित फळांवर. महाधनेश, मलबारी कवड्या धनेश आणि मलबारी राखी धनेश हे तिघे म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांच्या पट्ट्यात आहेत. राखी धनेश ओल्या, बंद रानाचा. कवड्या त्याहून मोकळ्या, नदीकाठच्या रानाचा. काजऱ्याच्या कडू फळातला गरही तो पचवतो, त्यामुळे पानझडी भागातही त्याचं भागतं. महाधनेशाला ढोलीसाठी दोघांच्या कवेत न मावणारं झाड हवं. मादी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास स्वतःला ढोलीत लिंपून घेते आणि पिल्लू पावसाच्या तोंडावर बाहेर पडतं. कोरड्या महिन्यांतच का? कारण ढोलीत पाणी शिरत नाही, आणि वड, रुमड, नांदरूक यांची फळं कुठं ना कुठं पिकलेली असतात. एक उंबरवर्गी झाड मार्चमध्ये फळलेलं नसेल तर पाच किलोमीटरवरचं दुसरं असेल. धनेश तेवढं सहज उडतो. पण त्या पाच किलोमीटरांत अशी झाडं चारच उरली तर एखाद्या वर्षी नराची चोच रिकामी परतते.

सत्तरीतली निरंकाराची राय ही गोड्या पाण्याची रानजायफळाची दलदल. तिथं कोरडे महिने जमिनीला लागतच नाहीत. अशा कोपऱ्यांत दक्षिणेकडच्या ओल्या रानातले जीव तग धरून राहतात. गोव्यातली देवराई आकारानं लहान, पण पाण्याच्या उगमाशी राखलेली, म्हणून तिची किंमत एकरांत होत नाही.

काय नाही, हेही बोलकं असतं. नीलगिरीकडच्या शोला नावाच्या उंचावरच्या गार रानातले शोलाकिली पक्षी इथं नाहीत, कारण आपले डोंगर हजार-अकराशे मीटरला थांबतात. शंभर मीटर चढलं की तापमान अर्ध्या अंशाहून थोडं अधिक उतरतं. शोलाचा गारवा यायला आणखी पाच-सातशे मीटर उंची लागली असती. उलट दिशेला राखी तित्तर. घाटापलीकडे बेळगाव-धारवाडच्या माळावर तो पहाटे पहाटे कोकलतो, इथं त्याच्याऐवजी रानकोंबडा आणि चकोत्री.

पाहुण्यांबद्दल थोडक्यात. ऑगस्टच्या अखेरीस ओढ्यांवर करडा धोबी येतो, सप्टेंबरात पाकोळ्या आणि चिखलपक्षी, नोव्हेंबरात अमूर ससाणे अरबी समुद्र ओलांडायच्या आधी इथल्या आभाळातून जातात. भर पावसात वादळी वाऱ्यानं खोल समुद्रातले सुरय, बूबी किनाऱ्यावर येऊन पडतात. त्यांना परत पाण्यात ढकलणं ही नेहमीची चूक. ते थकलेले असतात, बुडतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, कोरडं ठेवून वनखात्याला कळवावं.

नकाशा हलतोही आहे. मोर हा कोरड्या झुडपी मुलखाचा पक्षी. गोव्यात तो आता सड्यांच्या कडेनं, पडीक शेतांतून अगदी किनाऱ्याच्या गावांपर्यंत आलाय, इतका की 2016 मध्ये त्याला उपद्रवी ठरवण्याची भाषा झाली होती. केरळातल्या अभ्यासकांनी तिथल्या मोरांच्या पसरण्याचा संबंध कोरडं होत चाललेल्या हवामानाशी जोडला. गोव्यात सोडून दिलेली भातशेती आणि विरळ झालेली झाडी ही कारणंही तितकीच जड असावीत. दुसऱ्या टोकाला तळी. कुडचड्याचं नंदा तळं 42 हेक्टरांचं, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलेलं गोव्यातलं पहिलं. कोरड्या महिन्यांसाठी पाणी अडवायचं आणि खालच्या भाताला सोडायचं, या जुन्या सवयीवर ते उभं आहे. पाणी हळूहळू उतरतं तसा काठाचा चिखल रोज थोडा थोडा उघडा पडतो आणि शराटी, कमळपक्षी, अडई यांना महिनोन् महिने ताजं ताट मिळतं. कुणी सुशोभीकरणाच्या नावाखाली काठ बांधून पातळी एकसारखी ठेवली तर पाणी बारमाही राहील, पण चिखल उघडा पडणार नाही. फक्त बदकं उरतील.

नोंदींतली मोठी खोट मात्र आपलीच. गोव्यात पक्षी बघणारे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, त्याच पाच-सहा जागी जातात. जून-जुलैचा नकाशा पांढराच राहतो आणि तिबोटी ‘दुर्मीळ’ ठरतो. दुसरी चूक आवाजावर नोंद करायची. भृंगराज कोतवाल दहा-बारा पक्ष्यांच्या नकला करतो आणि मोबाईलवरचं ॲप त्याला बिनदिक्कत वेगळी नावं देतं. आवाज ऐकला आणि पक्षी दिसला नाही, तर तसंच लिहावं.

सोपी सुरुवात करायची तर एकच व्हाळ निवडावा, तांबडी सुर्ल्याकडचा किंवा आपल्या गावामागचा. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो चालत जावा आणि कुठल्या कोंडींत (डोहांत) पाणी उरलंय, किती खोल, वर सावली किती, काठ मातीचा की दगडी, एवढं कागदावर मांडावं. दर कोंडीपाशी पंधरा मिनिटं बसावं. मग पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा जावं आणि उभ्या काठाची माती बोटानं दाबून पाहावी. खळगा पडला तर तिबोटीला उकरता येईल. त्या काठासमोर मग उभं राहू नये, फोटोसाठी फांदी तर मुळीच रोवू नये. पलीकडच्या अंगाला वीस-पंचवीस पावलं मागं, झाडाला टेकून बसावं आणि जळवांसाठी मोज्यांत तंबाखूची पूड घालायला विसरू नये.